व्हिसा अस्सल, पण कामाचा नाही! रत्नागिरीतून आखातात जाण्यापूर्वी नेमके काय तपासावे?

रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील गावांना आखात परके नाही. राजिवडा, कर्ला, साखरतर, गोवळकोट, दाभोळ, बाणकोट, नाटे अशा गावांत कुवेत, दोहा, जेद्दा, दुबई ही नावे खेड-चिपळूणइतक्याच सहजतेने घेतली जातात. १९७० च्या दशकात तेलाचे भाव वाढले, आखातात रस्ते, बंदरे, इमारती उभ्या राहू लागल्या आणि कोकणातला माणूस मुंबईच्या पुढे जाऊन समुद्र ओलांडू लागला. तिकडून आलेल्या पैशांवर इथे घरे बांधली गेली, बहिणींची लग्ने झाली, धाकट्या भावांची शिक्षणे झाली.

मात्र हा सगळा डोलारा ज्या एका कागदावर उभा असतो, त्या व्हिसाविषयीची माहिती अनेक घरांत आजही 'एजंटने असे सांगितले' एवढ्यावरच थांबते. परदेशी नोकरीतली फसवणूक म्हटली की बनावट व्हिसा डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात अनेकदा व्हिसा अस्सल असतो, विमानतळावर शिक्काही बसतो. पण तो व्हिसा ज्या कामासाठी माणूस निघालेला असतो, त्या कामाचा नसतो. हा फरक काय, कायदा कुणाला संरक्षण देतो, कुणाला देत नाही आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात याबाबत काय व्हायला हवे, याचा हा आढावा.

'आधी जाऊ, मग बघू' ही सवय कुठून आली?

कोकणाची ओळख चाकरमान्यांची. आधी बोटीने, मग एसटीने आणि १९९८ पासून कोकण रेल्वेने माणूस मुंबई गाठत राहिला. गावच्या मंडळाच्या खोलीत पथारी पसरायची, ओळखीच्या माणसाने गिरणीत किंवा गोदीत चिकटवायचे, तिथे नाही जमले तर दुसरीकडे बघायचे, ही रीत पिढ्यान् पिढ्या चालली आणि उपयोगीही पडली. कारण मुंबईत राहण्यासाठी कुणाची परवानगी लागत नव्हती. नोकरी गेली तरी माणूस मुंबईत राहू शकत होता.

आखातात हीच रीत अंगाशी येते. तिथे राहण्याचा हक्क नोकरीला बांधलेला असतो. ज्या मालकाने किंवा कंपनीने व्हिसा काढला, त्याच मालकाकडे, त्याच प्रकारचे काम करण्याची ती परवानगी असते. या मालकाला अरबीत 'कफील' म्हणतात. नोकरी सुटली की काही ठरावीक मुदतीनंतर तिथे राहणेही बेकायदा ठरते. म्हणजे व्हिसा हा देशात शिरण्याचा पास नाही, तो नोकरीचाच भाग आहे. व्हिसावर जे काम लिहिले आहे, कायद्याच्या दृष्टीने माणसाची नोकरी तीच. एजंटने तोंडी सांगितलेली नोकरी तिथल्या कोणत्याही कार्यालयात दाखवता येत नाही.

व्हिजिट व्हिसावर जाऊन नोकरी करता येते का?

याचे थेट उत्तर, नाही. व्हिजिट किंवा टुरिस्ट व्हिसा पाहुण्यांसाठी असतो. त्यावर पगारी काम करता येत नाही.

इथे अनेक जण एक उदाहरण देतात. 'आमचा मामा व्हिजिटवरच दुबईला गेला होता, तिथे नोकरी मिळाली, व्हिसा बदलून घेतला, आज गाडी-घोडे आहेत.' हे खोटे नाही. संयुक्त अरब अमिरातीत (यूएई) नोकरी मिळाल्यावर, कंपनीने रीतसर अर्ज केल्यास, देशात असतानाच व्हिसाचा प्रकार बदलून घेता येतो. पण यात दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली, कामाचा परवाना हातात येईपर्यंत एक दिवसही काम करणे तिथे गुन्हा आहे. दुसरी, यूएईचा हा नियम शेजारच्या प्रत्येक देशाला लागू होत नाही. दुबईत चालते ते कुवेतमध्ये चालेलच असे नाही.

व्हिजिटची मुदत संपल्यावर काय होते, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. समजा, रत्नागिरीचा एक आयटीआय झालेला इलेक्ट्रिशियन व्हिजिट व्हिसावर दुबईत गेला. 'महिन्याभरात कंपनीचा व्हिसा लागेल' असे सांगितले होते, तो लागला नाही. मुदत संपली. यूएईत मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाला ५० दिरहम दंड आहे. १०० दिवसांत तो ५,००० दिरहम होतो, म्हणजे लाखाहून अधिक रुपये. या काळात पगार अडकला तर तक्रार करायची सोय नाही, कारण कागदोपत्री तो कामगारच नाही. आजारी पडला तर मालकाने काढलेला आरोग्य विमा नाही. घरी परतायचे म्हटले तर आधी दंड भरावा लागतो.

यूएईने ऑगस्ट २०२४ मध्ये कायदा बदलून, परवान्याशिवाय माणसे कामावर ठेवणाऱ्या मालकांना किमान १ लाख ते कमाल १० लाख दिरहमपर्यंत दंडाची तरतूद केली. त्याच वर्षी १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर अशी चार महिन्यांची माफी योजनाही राबवली. बेकायदा राहणाऱ्यांना या काळात दंड न भरता कागदपत्रे नियमित करण्याची किंवा मायदेशी परतण्याची संधी मिळाली. अशा योजना कधीतरी येतात. त्यांच्या भरवशावर कुणी घराबाहेर पडू नये.

घरकामाचा व्हिसा आणि कंपनीचा व्हिसा यात फरक काय?

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. दोन्ही व्हिसा नोकरीचेच, दोन्ही अस्सल. पण त्यांच्यामागचे कायदे वेगळे आहेत.

कुवेतचे उदाहरण घेऊ. तिथे खासगी कंपनीतल्या कामगारांचा परवाना 'कलम १८' चा असतो. घरगुती कामगार म्हणजे स्वयंपाकी, घरचा ड्रायव्हर, मुले सांभाळणारी बाई यांचा परवाना 'कलम २०' चा. बोलीभाषेत आपल्याकडचे लोक पहिल्याला 'शून'चा आणि दुसऱ्याला 'खादिम' व्हिसा म्हणतात. कंपनीच्या कामगाराला २०१० चा कामगार कायदा लागू होतो. त्यात आठवड्याला ४८ तासांची कमाल मर्यादा आहे. घरगुती कामगाराला २०१५ चा वेगळा कायदा लागू होतो. त्यात दिवसाला १२ तासांपर्यंत काम घेता येते. तक्रार करण्याची कार्यालये वेगळी, नियम वेगळे.

आता समजा, एखाद्याला 'सुपरमार्केटमध्ये सेल्समन' म्हणून सांगून कलम २० वर पाठवले. तो दुकानात उभा राहिला की पहिल्या दिवसापासूनच नियमभंग सुरू होतो. तपासणी झाली तर पकडला जातो तो आणि परत पाठवला जातो तोही. मूळ मालकाने 'माझा कामगार पळाला' अशी नोंद केली तर प्रकरण आणखी अवघड होते.

घरगुती परवान्यावरून कंपनीच्या परवान्यावर जाण्याची वाट कुवेतने १४ जुलै ते १२ सप्टेंबर २०२४ या दोन महिन्यांपुरती खुली केली होती. त्यालाही मूळ मालकाची संमती आणि इतर अटी होत्या. 'तिकडे गेल्यावर खादिमचा शून करून घेऊ' असे जेव्हा एजंट सांगतो, तेव्हा तो अशा अपवादाला नेहमीचा नियम असल्यासारखे विकत असतो.

सौदी अरेबियातही 'हाऊस ड्रायव्हर'च्या व्हिसावर गेलेला माणूस घरगुती कामगार ठरतो. त्याने टॅक्सी किंवा कंपनीची गाडी चालवली तर तो नियमभंग होतो. व्हिसावरचा 'व्यवसाय' हा एक शब्द म्हणूनच महत्त्वाचा आहे. तो अरबीत असला तर वाचून घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

'आझाद व्हिसा' खरोखर असतो का?

गावागावांत ऐकू येणारा हा शब्द. एखादा मालक आपल्या नावावर व्हिसा काढून विकतो, माणूस तिथे जाऊन हवे ते काम करतो आणि मालकाला दर वर्षी ठरावीक रक्कम देतो, असा हा व्यवहार. भाव ठरतो लाखांत.

आखातातल्या कोणत्याही कायद्यात 'आझाद' नावाचा व्हिसा नाही. कागदावर तो त्या मालकाकडच्या नोकरीचाच व्हिसा असतो. माणूस दुसरीकडे काम करू लागला की तो नियम मोडतो आणि त्याची दोरी त्या मालकाच्या हाती राहते. पुढच्या वर्षी मालकाने दुप्पट पैसे मागितले तर दाद मागायला जागा नसते. गेल्या काही वर्षांत मालक बदलण्याचे नियम काही देशांनी सैल केले. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलताना जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. सौदीने मार्च २०२१ पासून खासगी कंपन्यांतल्या कामगारांना काही अटींवर नोकरी बदलण्याची मुभा दिली. पण ही मुभा रीतसर कंपनीत, रीतसर करारावर असलेल्यांना आहे. 'आझाद'वर गेलेल्याकडे दाखवायला करारच नसतो.

भारतीय कायदा काय सांगतो?

परदेशी नोकरीसाठी जाणाऱ्यांसाठी भारतात उत्प्रवास कायदा, १९८३ आहे. त्यानुसार पासपोर्टचे दोन प्रकार पडतात. ज्यांना काही ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची मंजुरी लागते ते 'ईसीआर' आणि ज्यांना लागत नाही ते 'ईसीएनआर'. ईसीआर असल्यास पासपोर्टवर तसा उल्लेख असतो. उल्लेख नसेल तर पासपोर्ट ईसीएनआर समजावा.

मंजुरी लागणारे देश १८ आहेत. सौदी अरेबिया, यूएई, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, इराक, जॉर्डन, लेबनॉन, येमेन, सीरिया, लिबिया, सुदान, दक्षिण सुदान, अफगाणिस्तान, मलेशिया, इंडोनेशिया आणि थायलंड.

ईसीआर पासपोर्टवर या देशांत नोकरीला जायचे तर 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर नोंद होते. मालक कोण, काम काय, पगार किती, करार काय, हे सगळे त्यात नोंदवले जाते. मग 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' म्हणजे उत्प्रवासी संरक्षकाचे कार्यालय मंजुरी देते. आपल्या भागासाठी हे कार्यालय मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात आहे. सोबत प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची असते. दोन वर्षांसाठी २७५ रुपये किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता भरला की अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. ३० वर्षांखालील महिलांना ईसीआर पासपोर्टवर या देशांत नोकरीसाठी मंजुरी दिली जात नाही.

ही चाचणी चुकवण्याची वाट म्हणजे पुन्हा व्हिजिट व्हिसा. नोकरीव्यतिरिक्त कारणाने, परतीचे तिकीट घेऊन जाणाऱ्याला मंजुरी लागत नाही. म्हणून ईसीआर पासपोर्टवाल्याला 'मुंबई विमानतळावर विचारले तर भावाला भेटायला चाललो म्हणून सांग' असे पढवले जाते. हे वाक्य उच्चारले की माणूस स्वतःच्याच तोंडाने कायद्याच्या संरक्षणाबाहेर जातो. एजंटने कुठेही सही केलेली नसते.

दहावी पास झालेल्याला संरक्षण कमी का?

रत्नागिरीच्या दृष्टीने कळीचा मुद्दा हाच आहे. ईसीएनआर पासपोर्ट मिळण्यासाठीचा सर्वात सोपा निकष म्हणजे दहावी उत्तीर्ण असणे. याशिवाय प्राप्तिकर भरणारे, ५० वर्षांवरील व्यक्ती, सीडीसी असलेले खलाशी, तीन वर्षांहून अधिक काळ परदेशात राहिलेले असे इतरही गट त्यात येतात.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून असलेला कोकण विभाग दहावीच्या निकालात राज्यात सातत्याने पहिला येतो. २०२४ मध्ये विभागाचा निकाल ९९.०१ टक्के, २०२५ मध्ये ९८.८२ टक्के लागला. जिल्ह्याला याचा अभिमान आहे, तो असायलाही हवा. पण याचाच दुसरा अर्थ असा की, आज रत्नागिरीतून आखातात निघालेल्या बहुतेक तरुणांकडे ईसीएनआर पासपोर्ट असणार. त्यांचा करार कुणी सरकारी अधिकारी तपासत नाही. त्यांच्या मालकाची नोंद सक्तीची नाही. विमाही सक्तीचा नाही.

१९८३ मध्ये हा कायदा झाला, तेव्हा शिकलेला माणूस स्वतःचे हित स्वतः पाहू शकतो, असे गृहीत धरणे समजण्यासारखे होते. आज दहावी पास मुलगा मोबाइलवर सगळे वाचू शकतो, पण कलम १८ आणि कलम २० मधला फरक दहावीच्या कोणत्याच पुस्तकात नाही. या गटालाही नोंदणीत आणण्याचा प्रयत्न परराष्ट्र मंत्रालयाने केला होता. १ जानेवारी २०१९ पासून ईसीएनआर पासपोर्टवर या १८ देशांत नोकरीला जाणाऱ्यांना ऑनलाइन नोंदणी सक्तीची करण्याची घोषणा झाली. विरोध झाल्यावर ती सक्ती थांबवली गेली. स्वेच्छेने नोंदणी करता येते. ती करावी, एवढेच सध्या हातात आहे.

एजंटला किती पैसे द्यायचे?

भारतात परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याला केंद्र सरकारचे नोंदणी प्रमाणपत्र लागते. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात. त्याची पावती द्यावी लागते. 'व्हिसाचे' म्हणून दीड-दोन लाख मागणारा माणूस कायदा मोडत असतो. शिवाय सौदी आणि यूएईच्या कामगार कायद्यांनुसार व्हिसा, परवाना यांचा खर्च मालकाने करायचा असतो. ज्याचे पैसे मालकाने भरले, त्याचेच पैसे इकडे दागिने गहाण ठेवून पुन्हा भरले जातात.

दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे 'सब-एजंट'. मुंबईतल्या नोंदणीकृत कंपनीचे नाव सांगून गावात पासपोर्ट गोळा करणारा माणूस कायद्याला मान्य नाही. तो ओळखीचा असतो, जमातीतला किंवा वाडीतला असतो, म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो. त्याला दिलेल्या रोख रकमेची पावती नसते आणि प्रकरण बिघडले की मुंबईची कंपनी हात वर करते.

कायद्याची धार मात्र बोथट आहे. विनानोंदणी भरती करणाऱ्याला या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. दंडाची कमाल रक्कम २,००० रुपये. १९८३ साली लिहिलेला हा आकडा आजही तोच आहे. एका उमेदवाराकडून लाखभर उकळणाऱ्याला दोन हजारांची भीती ती काय वाटणार?

निघण्यापूर्वी काय तपासावे?

१. एजंटची नोंदणी : ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. बेकायदा एजंटांची यादीही तिथेच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये ई-मायग्रेटचे नवे रूप आणि मोबाइल अॅप आले. एजंटचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो चालू आहे का, ते स्वतः बघा.

२. व्हिसाचा प्रकार : व्हिसावर 'व्हिजिट', 'टुरिस्ट' लिहिले आहे की नोकरी? नोकरीचा असेल तर व्यवसायाच्या रकान्यात काय आहे? अरबी वाचणारे गावात कुणी ना कुणी असतेच. फोटोवर भाषांतर करणारे अॅपही चालते.

३. व्हिसाची खातरजमा : यूएई, कुवेत, सौदी या देशांची व्हिसा तपासण्याची सरकारी संकेतस्थळे आहेत. पासपोर्ट क्रमांक आणि व्हिसा क्रमांक टाकून तपासा. एजंटने पाठवलेल्या लिंकवरून जाऊ नका. बनावट संकेतस्थळे हुबेहूब असतात.

४. करार : यूएईत कामाचा प्रवेश परवाना निघण्यापूर्वी उमेदवाराने नोकरीच्या प्रस्तावावर सही करणे अपेक्षित असते. कतारच्या नोकरीसाठी २०१९ पासून भारतातच, मुंबईसह काही शहरांत, कतार व्हिसा केंद्रे आहेत. वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे आणि करारावरची सही तिथेच होते. म्हणजे करार न दाखवता 'कतारचा नोकरी व्हिसा लागला' असे कुणी सांगत असेल तर शंका घ्यावी.

५. तीन कागदांचा मेळ : नोकरीचा प्रस्ताव, करार आणि व्हिसा या तिन्हींवर मालकाचे नाव आणि काम एकच हवे. पहिल्या दोहोंवर पगारही सारखाच हवा. एकावर 'इलेक्ट्रिशियन' आणि दुसऱ्यावर 'मजूर' असेल तर तिथे गेल्यावर 'मजूर' हेच खरे धरले जाते.

६. वैद्यकीय तपासणी : आखाती देशांसाठीची तपासणी 'वाफिद' या प्रणालीतून (पूर्वीची गामका) मान्यताप्राप्त केंद्रांतच होते. व्हिसाचा पत्ता नसताना पुन:पुन्हा तपासणीचे पैसे मागितले जात असतील तर थांबा.

७. प्रती घरी ठेवा : पासपोर्ट, व्हिसा, करार, तिकीट आणि पैसे दिल्याच्या पुराव्यांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलवर असू द्या. शक्य तेवढी रक्कम बँकेतून किंवा यूपीआयने द्या.

जहाजावर जाणाऱ्यांनी काय पाहावे?

जिल्ह्यातून मर्चंट नेव्हीत जाणाऱ्यांचीही संख्या मोठी आहे. त्यांच्यासाठी वेगळी यंत्रणा आहे. खलाशी भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा 'आरपीएसएल' परवाना लागतो. या कंपन्यांना नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत. परवान्याची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर मिळते. टुरिस्ट व्हिसावर परदेशी बंदरात बोलावून 'तिथून जहाजावर चढवतो' असे सांगितले जात असेल, तर ते रीतसर भरतीचे लक्षण नाही.

आखाताबाहेरचे धोके कोणते?

व्हिसाशिवाय किंवा विमानतळावरच व्हिसा देणाऱ्या देशांची संख्या वाढली, तशी फसवणुकीची नवी वाट तयार झाली. थायलंडमध्ये 'डेटा एंट्री'ची नोकरी सांगून पर्यटक म्हणून नेले जाते आणि तिथून सीमा ओलांडून म्यानमारमधल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर कोंडले जाते. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी दोन दिवसांत ५४९ भारतीयांना थायलंडच्या मे सोट येथून परत आणले. म्यानमार, कंबोडिया, लाओस हे देश १८ देशांच्या यादीत नाहीत. म्हणजे तिथे जाणाऱ्या ईसीआर पासपोर्टवाल्याचीही तपासणी होत नाही.

इराणचे उदाहरणही ताजे आहे. नोकरीच्या किंवा पुढे दुसऱ्या देशात पाठवण्याच्या आमिषाने भारतीयांना तिथे नेऊन खंडणीसाठी डांबल्याचे प्रकार झाले आणि इराणने २२ नोव्हेंबर २०२५ पासून सामान्य भारतीय पासपोर्टधारकांची व्हिसामाफी थांबवली. व्हिसा लागत नाही, ही पर्यटकासाठी सोय आहे. नोकरीसाठी निघालेल्याला मात्र तीच धोक्याची खूण समजायला हवी.

फसवणूक झाल्यास काय करावे?

परदेशात अडकलेल्याने पहिल्यांदा भारतीय दूतावास गाठावा. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' संकेतस्थळावर घरच्यांनाही इथून तक्रार नोंदवता येते आणि तिचा क्रमांक मिळतो. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८००-११-३०९० असा आहे. अडचणीतल्या नागरिकांना परत आणण्यासाठी दूतावासांकडे भारतीय समुदाय कल्याण निधीही असतो.

इथे पोलिस ठाण्यात तक्रार देताना 'पैशांचा आपसातला व्यवहार' म्हणून बोळवण होऊ देऊ नये. उत्प्रवास कायद्याखालचे गुन्हे दखलपात्र आहेत. या कायद्याखालच्या खटल्याला एरवी केंद्राची पूर्वमंजुरी लागते; पण फसवणूक झालेल्या उमेदवाराने किंवा त्याच्या वतीने घरच्या जवळच्या माणसाने तक्रार केली असेल तर ती लागत नाही. ही तरतूद तक्रारदारांना माहीत असायला हवी आणि पोलिस ठाण्यांनाही.

रत्नागिरीत काय व्हायला हवे?

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये १९८३ च्या कायद्याची जागा घेणाऱ्या नव्या विधेयकाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला केला. नव्या कायद्याची पारख दोन प्रश्नांवर व्हावी. दहावी पास तरुणाचा करार कुणीतरी तपासणार का? आणि गावातल्या सब-एजंटला जरब बसेल अशी शिक्षा असणार का?

त्याची वाट न पाहता जिल्हा स्तरावर करण्यासारखे बरेच आहे. उत्प्रवासी संरक्षकाचे कार्यालय रत्नागिरीपासून साडेतीनशे किलोमीटरच्या घरात आहे. एक व्हिसा वाचून घेण्यासाठी कुणी रात्रभराचा प्रवास करून वांद्र्याला जाणार नाही. तो कोपऱ्यावरच्या एजंटकडेच जाणार. म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात आठवड्यातून एक दिवस तरी व्हिसा आणि करार वाचून सांगणारा माणूस बसायला हवा. ई-मायग्रेटवर एजंटचे नाव शोधणे हे पाच मिनिटांचे काम आहे. ते ग्रामपंचायतीतल्या आपले सरकार केंद्रावरही होऊ शकते. परदेशी जाणाऱ्यांसाठीचे सरकारचे एक दिवसाचे पूर्वप्रशिक्षण आयटीआयच्या शेवटच्या सत्रात घेता येईल. जमातीच्या बैठका आणि ग्रामस्थ मंडळे मनावर घेतील तर हे काम सरकारच्या आधी होईल, कारण आखातात वीस-वीस वर्षे काढून परतलेली, इकामा आणि करार कोळून प्यायलेली माणसे प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांच्या अनुभवाला आजवर कुणी टेबल-खुर्ची दिलेली नाही.

कोकणातला माणूस बाहेर जाणारच. आंब्याचा हंगाम आणि मासेमारीचे दिवस वगळले तर हाताला बारमाही काम इथे मिळत नाही, तोवर त्याला 'जाऊ नको' म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण जाताना त्याच्या हातातला व्हिसा त्याच्याच कामाचा आहे, एवढी खात्री त्याला रत्नागिरीतच मिळायला हवी. विमान सुटल्यानंतर ती तपासून उपयोग नसतो.